पिळाची स्प्रिंग आणि वाळूतली मोटार

सुक्या वाळूत सायकल चालवण्याचा प्रयत्न तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. पुढचे चाक वाळूत रुतते, मागचे जागच्या जागी फिरते आणि शेवटी आपण उतरून सायकल ढकलू लागतो. मोटारीचीही हीच गत होते. वाळूत मोटार चालवायची तर गाडी हलकी पाहिजे. टायर रुंद पाहिजेत, म्हणजे तेच वजन जास्त क्षेत्रफळावर पसरून दाब कमी होतो. शिवाय जी चाके एंजिन फिरवते त्याच चाकांवर गाडीचे बरेचसे वजन पडले पाहिजे, म्हणजे घर्षण वाया जात नाही. ज्या गाडीत एंजिन मागे असते आणि मागचीच चाके फिरवली जातात, तिच्यात ही तिसरी अट आपोआप पुरी होते.

जर्मनीतील फोक्सवॅगन बीटल ही अशीच गाडी. कासवाच्या पाठीसारखे छप्पर, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे एंजिन, आणि तेही शेपटाकडे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणारे ब्रूस मेयर्स हे होड्या बांधणारे कारागीर होते. होड्यांसाठी वापरतात त्याच फायबरग्लासचे उघडे, हलके शरीर त्यांनी १९६४ मध्ये तयार केले आणि त्याला बीटलचे एंजिन, गिअरबॉक्स व इतर भाग जोडले. पुढे बीटलचा तळच सुमारे ३६ सेंटीमीटरने आखूड करून त्यावर हे शरीर बसवण्याची पद्धत त्यांनी आणली. शेपूट नसलेल्या मँक्स जातीच्या मांजरावरून गाडीला नाव पडले मेयर्स मँक्स. वाळूच्या टेकड्यांवर चालणारी म्हणून या प्रकारच्या गाड्यांना ड्यून बगी म्हणतात.

१९६७ साली मेयर्स आणि त्यांचे सहकारी टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाचा खडतर मार्ग, ला पास ते तिहुआना, ३४ तास ४५ मिनिटांत पार केला. मोटारसायकलींचा तोवरचा विक्रम त्यामुळे मोडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या भागातली पहिली मोठी शर्यतही मँक्सनेच जिंकली. साऱ्या जगात या गाडीच्या नकला निघाल्या, इतक्या की १९७१ मध्ये मूळ कारखाना बंद पडला. मेयर्स २०२१ साली वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. त्यांच्या कारखान्याच्या ज्या मूळ गाड्या आज शिल्लक आहेत त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, आणि त्या पुन्हा चालत्या करण्याचा छंद अनेकांना लागला आहे.

जुनी गाडी दुरुस्त करणारे बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. नवा चकचकीत रंग, नव्या गाद्या, क्रोमचे दिवे. गाडीच्या मागच्या बुडाखाली वाकून पाहण्याचा उत्साह थोड्यांनाच असतो. पण गाडी वळणावर सरळ उभी राहणार की कलंडणार, हे त्या बुडाखाली ठरते. आपण तिथेच जाऊ.

स्प्रिंग दिसत नाही, ती कुठे आहे?

ट्रकच्या मागच्या चाकाजवळ पाटे असतात. मोटारसायकलीला गुंडाळी असलेली स्प्रिंग असते. बीटलच्या मागच्या चाकाजवळ यातले काहीच दिसत नाही. दिसते ती पोलादाची एक चपटी पट्टी, साधारण ४० सेंटीमीटर लांबीची, आडव्या नळीतून निघून चाकाच्या आसाकडे मागे गेलेली. तिला स्प्रिंग प्लेट म्हणतात, पण खरी स्प्रिंग ती नव्हे. खरी स्प्रिंग त्या आडव्या नळीच्या पोटात लपलेली असते. ती म्हणजे पोलादाची एक सरळ, गोल दांडी.

सरळ दांडी स्प्रिंगचे काम कसे करील? ओला पंचा पिळताना आपण एक टोक घट्ट धरतो आणि दुसरे फिरवतो. हात सैल सोडला की पंचा थोडा उलगडतो. पोलादाची दांडी पुष्कळ जास्त जोराने उलगडते, कारण पोलाद पंच्यापेक्षा किती तरी अधिक स्थितिस्थापक आहे. बीटलमध्ये या दांडीचे आतले टोक गाडीच्या मध्यभागी नळीत पक्के अडकवलेले असते आणि बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट बसवलेली असते. चाक खड्ड्यावरून वर उचलले गेले की प्लेट वर फिरते, दांडीला पीळ बसतो, आणि दांडी चाकाला पुन्हा खाली ढकलते. मोटारवाले हिला टॉर्शन बार म्हणतात. आपण पीळदांडा म्हणू. फेर्डिनांड पोर्श यांनी अशा रचनेच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला होता. जागा कमी, वजन कमी आणि झिजणारे भाग जवळजवळ नाहीत, असे हिचे गुण.

हूकचा नियम इथेही लागू पडतो. फक्त ताणाच्या जागी फिरवणारे परिबल घ्यायचे आणि लांबीतील वाढीच्या जागी पिळाचा कोन. परिबल दुप्पट केले की कोन दुप्पट. दांड्याचा ताठपणा, म्हणजे एकक कोनाला लागणारे परिबल, काढण्याची रीत अशी: पोलादाच्या दृढता गुणांकाला दांड्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने आणि पाय या संख्येने गुणायचे, आणि त्याला लांबीच्या ३२ पटीने भागायचे. साठीच्या दशकातील बीटलचा दांडा साधारण २२ मिलिमीटर जाड आणि ५५ सेंटीमीटर लांब असे. पोलादाचा दृढता गुणांक दर चौरस मीटरला सुमारे ७९०० कोटी न्यूटन. हे आकडे घालून गणित करून पाहा. उत्तर येते दर अंशाला सुमारे ५८ न्यूटन-मीटर. प्लेटची लांबी ०.४ मीटर धरली, तर प्लेटचे टोक एक अंश वर ढकलायला सुमारे १४५ न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोग्रॅमच्या वजनाइतके बल लागेल.

या रीतीतला चौथा घात सहज नजरेतून निसटतो, पण परिणाम मोठा आहे. २२ ऐवजी २४ मिलिमीटरचा दांडा घातला तर जाडी फक्त नऊ टक्क्यांनी वाढते, ताठपणा मात्र जवळजवळ बेचाळीस टक्क्यांनी. उलट गंजाने व्यास अर्ध्या मिलिमीटरने घटला तर ताठपणा नऊ टक्के कमी होतो. एका बाजूचा दांडा गंजलेला आणि दुसऱ्या बाजूचा चांगला असेल, तर गाडी एका अंगाला कललेली राहते आणि मालक टायरमधली हवा तपासत बसतो.

दबा धरून बसलेली ऊर्जा

आता खोलण्याचे काम. गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवायचा. नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाके काढली, ब्रेकची नळी सोडली. यानंतर नवशिका लगेच पाना घेऊन बोल्टांना भिडतो. जाणता कारागीर आधी छिन्नी घेतो. स्प्रिंग प्लेट आसाच्या नळीला जिथे जोडलेली असते तिथे बोल्टांची छिद्रे लांबट असतात. म्हणजे चाक पुढे-मागे किंचित सरकवून त्याची दिशा जुळवता येते. सोडण्यापूर्वी प्लेट आणि नळी या दोहोंवरून जाणारी एक खूण छिन्नीने केली, तर पुन्हा जोडताना चाक पूर्वीच्याच दिशेला येते. दोन सेकंदांची खूण दोन दिवसांचा खटाटोप वाचवते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढताना आसाखाली जॅकचा आधार ठेवावाच लागतो. कारण असे की, या गाडीत चाक फार खाली लोंबू नये म्हणून त्याला अडवून धरण्याचे कामही शॉक अ‍ॅब्सॉर्बरच करतो. तो काढल्यावर आस हळूहळू खाली उतरवायचा आणि प्लेटपासून सोडवायचा. प्लेट आता चौकटीवरच्या एका ओठासारख्या कडेवर येऊन टेकते. सगळे शांत दिसते. चाक नाही, गाडीचे वजन नाही, मग दांड्यावर भार कसला? पण दांडा अजून पूर्ण सुटलेला नसतो. प्लेट त्या कडेवर अडल्यामुळे त्यात काही अंशांचा पीळ शिल्लक राहतो.

समजा दहा अंशांचा पीळ शिल्लक आहे. दर अंशाला १४५ न्यूटन या हिशेबाने प्लेटचे टोक सुमारे १४५० न्यूटन बलाने त्या कडेवर दाबले गेले आहे. दोन मोठी माणसे त्या टोकावर उभी आहेत असे समजा. साठवलेली ऊर्जा काढायची तर परिबल आणि कोन यांच्या गुणाकाराचे निम्मे घ्यायचे. कोन अर्थातच रेडियनमध्ये. उत्तर येते सुमारे ५० ज्यूल. पाच किलोचे वजन एक मीटरवरून बोटावर पडले तर जितकी ऊर्जा बोटाला मिळेल तितकी. प्लेट पहारीने कडेवरून उचकटली की ही सारी ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते. म्हणून प्लेटखाली जॅक लावायचा, प्लेटला साखळीने जखडायचे, मग जॅक वर घेऊन प्लेट कडेवरून बाजूला काढायची आणि सावकाश खाली सोडायची. या काळात हात, पाय किंवा डोके प्लेटच्या मार्गात असता कामा नये. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम परीक्षेत लिहिताना फार सोज्वळ वाटतो, पण त्या नियमाने कारागिरांची बोटेही मोडतात.

दांड्यावरचा एक ओरखडा

दांडा बाहेर काढल्यावर तो पुसून उन्हात नेऊन पाहावा. पीळ बसलेल्या दांड्यात प्रतिबल सगळीकडे सारखे नसते. अगदी मध्यावर ते शून्य असते आणि पृष्ठभागाकडे जाताना वाढत जाते. मोठ्या खड्ड्यात दांड्याला २५ अंशांचा पीळ बसला असे धरले, तर पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६९० न्यूटन, म्हणजे जवळपास ७० किलोग्रॅमचे वजन इतके कर्तन प्रतिबल येते. एक चौरस मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या छेदाहूनही लहान जागा. सगळा भार कातडीवर आहे, म्हणून कातडीवरची जखम घातक. गंजाचा एखादा खड्डा किंवा पहारीचा ओरखडा असेल तर त्याच्या तळाशी प्रतिबल आणखी एकवटते. दर खड्ड्याला, दर वळणाला ती जागा पुन्हा पुन्हा पिळली जाते, तिथे सूक्ष्म तडा जन्मतो आणि हळूहळू वाढतो. एके दिवशी दांडा कडकन तुटतो. धातूच्या या थकव्याची आधी काहीही सूचना मिळत नाही.

म्हणूनच कारखान्यातून दांडे रंग देऊन येत आणि तो रंग शोभेसाठी नसे. रंग उडाला असेल तर पुन्हा द्यावा. पृष्ठभागावर खड्डे असतील तर दांडा भंगारात द्यावा. घासून गुळगुळीत करून वापरण्याचा मोह काहींना होतो, पण माझ्या मते ती काटकसर नव्हे, जुगार आहे.

दांड्याच्या टोकावर कोणत्या बाजूचा तो, याची खूण असते. डावा आणि उजवा दिसायला अगदी सारखे, तरी अदलाबदल चालत नाही. तयार करतानाच प्रत्येक दांड्याला त्याच्या कामाच्या दिशेने एकदा जरुरीपेक्षा जास्त पीळ दिलेला असतो. त्यामुळे पृष्ठभागाचे पोलाद किंचित कायमचे सरकते, आणि पीळ सोडल्यावर तिथे उलट दिशेचे प्रतिबल शिल्लक राहते. पुढे गाडीच्या भाराने येणारे प्रतिबल आधी या उलट प्रतिबलाला खोडते आणि मग वाढते; दांड्याला तेवढी सवलत मिळते. बाजू बदलली तर तीच सवलत बोजा होऊन बसते.

नळीच्या दोन्ही अंगांना रबराचे बुश असतात. पन्नास वर्षांत ते कडक होतात, चिरतात आणि प्लेट खडखडू लागते. नवे बुश बसवताना वंगण म्हणून ग्रीस लावायचे नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. साधी शंखजिऱ्याची पूड लावायची.

पोलादात दडलेला व्हर्नियर

आता या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पीळदांड्याच्या दोन्ही टोकांना बारीक दाते असतात, पण सारखे नव्हेत. आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. हे मुद्दाम केलेले आहे.

बाहेरच्या टोकावर प्लेट एक दात फिरवून बसवली तर ती किती अंश फिरेल? ३६० भागिले ४४, म्हणजे सुमारे ८ अंश ११ मिनिटे. प्लेटचे टोक त्यामुळे सुमारे ५७ मिलिमीटर हलेल. गाडीची उंची जुळवायला एवढी मोठी पायरी निरुपयोगी आहे. आतल्या टोकाची पायरी ३६० भागिले ४०, म्हणजे पुरे ९ अंश. ती तर आणखी मोठी. पण दांडा आत एक दात वरच्या दिशेने फिरवला आणि प्लेट दांड्यावर एक दात खालच्या दिशेने बसवली, तर? प्लेट ९ अंश वर गेली आणि ८ अंश ११ मिनिटे खाली आली. फरक उरला ४९ मिनिटांचा, एका अंशाहूनही कमी. प्लेटच्या टोकाशी तो ५.७ मिलिमीटर होतो. दोन ओबडधोबड पायऱ्यांतून एक नाजूक पायरी मिळाली!

प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरमध्ये तुम्ही हेच करता. मुख्य पट्टीचा भाग आणि सरकत्या पट्टीचा भाग यांतला फरक हेच तिचे लघुतम माप. पिअर व्हर्नियर या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये आपल्या पट्टीची माहिती प्रसिद्ध केली होती. ४० आणि ४४ यांचा लघुतम सामाईक विभाज्य ४४०. म्हणून प्लेट एकूण ४४० वेगवेगळ्या कोनांत बसवता येते आणि लागोपाठच्या दोन कोनांतले अंतर ३६० भागिले ४४० अंश. लसावि कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या धाकट्या भावाला हे उदाहरण सांगा.

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून हे पाहता येते. एकीच्या कडेवर दर १० अंशांना म्हणजे ३६ खुणा करा, दुसरीच्या कडेवर दर ९ अंशांना म्हणजे ४० खुणा. त्या एकाच टाचणीवर बसवा. कोनमापकाने आखायला हे आकडे सोपे आहेत आणि इथे नाजूक पायरी बरोबर एक अंशाची येते.

उंच शेपटीचा धोका

ही नाजूक पायरी बगीला का लागते? बीटलचे जड शरीर काढून हलके फायबरग्लास चढवले की मागच्या प्रत्येक चाकावरचा भार कमी होतो. समजा तो ५० किलोग्रॅमने, म्हणजे ४९० न्यूटनने कमी झाला. दर अंशाला १४५ न्यूटन या हिशेबाने दांड्याचा पीळ सुमारे ३.४ अंशांनी सुटेल आणि गाडीचे शेपूट सुमारे २४ मिलिमीटर वर उचलले जाईल. एक इंचसुद्धा नाही, एवढ्याने काय बिघडते?

ते समजायला आसाकडे पाहिले पाहिजे. १९६८ पूर्वीच्या बीटलमध्ये मागे झुलता आस असे. गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक सांधा, आणि तिथून चाकापर्यंत सरळ, अखंड आस. चाकाजवळ दुसरा सांधा नाही. साहजिकच चाक नेहमी आसाला काटकोनात राहते, आणि आस कलला की चाकही तितकेच कलते. शेपूट वर गेले की दोन्ही आस बाहेरच्या बाजूने खाली झुकतात आणि चाकांचे खालचे भाग गाडीच्या पोटाखाली वळतात. आसाची लांबी ६० सेंटीमीटर धरली तर २४ मिलिमीटरला सुमारे २.३ अंशांचा कल येतो. टायर आता बाहेरच्या कडेवर उभा राहतो.

यापेक्षा मोठी गोष्ट घडते ती वळणावर. गाडी डावीकडे वळते तेव्हा उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकाला जमीन डावीकडे ढकलते. समजा हे बल २००० न्यूटन आहे. ते जमिनीच्या पातळीवर लागते आणि आसाचा सांधा जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच आहे. म्हणजे सांध्याभोवती ६०० न्यूटन-मीटरचे परिबल निर्माण होते, आणि ते चाकाला गाडीच्या पोटाखाली दुमडू पाहते. चाक दुमडायचे तर शरीर वर उचलले गेले पाहिजे. ६० सेंटीमीटर लांब आसाच्या आधाराने हे परिबल शरीराला १००० न्यूटन बलाने वर ढकलते. आतल्या चाकाचे बल उलट काम करते खरे, पण वळणावर आतल्या चाकावर भार थोडा, म्हणून त्याचे बलही थोडे. एकूण परिणाम शरीर वर जाण्याचाच. आणि शरीर वर गेले की सांधा आणखी उंच होतो. ३० चे ३५ सेंटीमीटर झाले तर तेच २००० न्यूटन बल आता सुमारे ११७० न्यूटनने वर ढकलते. जितके उचलले जावे तितके उचलणारे बल वाढत जाते. हे दुष्टचक्र आहे. अखेर चाक पुरते दुमडते, त्याची पकड सुटते, शेपूट बाहेर फेकले जाते आणि कधी कधी गाडी उलटते. उघड्या बगीला छप्पर नसते, हे विसरू नका.

या प्रश्नाने अमेरिकेत एकदा मोठे वादळ उठवले होते. १९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या मागे एंजिन असलेल्या गाडीत झुलता आस होता. वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटारींच्या सुरक्षिततेवर जे पुस्तक लिहिले त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते. कारखान्याने १९६४ च्या गाड्यांना मागे एक आडवा पाटा जोडला आणि १९६५ पासून मागची रचनाच बदलली. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्ष निघाला की, त्या काळातल्या तशाच इतर गाड्यांपेक्षा ती वळणावर अधिक वाईट नव्हती. वाद काहीही असो, झुलत्या आसाची भूमिती सर्वांना सारखीच लागू होती.

बगीवाल्यांमध्ये शेपूट उंच ठेवण्याची हौस फार. गाडी झेप घेणाऱ्या प्राण्यासारखी दिसते म्हणे. झुलता आस असलेल्या गाडीत ही हौस मला मुळीच पसंत नाही. आपल्या उदाहरणात शेपूट ३.४ अंशांनी उचलले गेले. ४९ मिनिटांच्या चार पायऱ्या म्हणजे ३ अंश १६ मिनिटे. दांडा आत चार दात वर, प्लेट बाहेर चार दात खाली, आणि गाडी जवळजवळ मूळ उंचीवर आली. साठीच्या दशकातील बऱ्याच बीटलमध्ये प्लेटचा मोकळा कोन सुमारे साडेसतरा अंश असे. आता तो चौदाच्या आसपास राहील. याहून फार खाली आणणेही योग्य नाही, कारण मग खड्ड्यात चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि आस रबरी गट्टूवर आदळतो.

हा कोन मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कोनमापकाच्या मध्याला ओळंबा लटकवा. प्रथम तो गाडीच्या तळाच्या आडव्या कडेवर धरून वाचन घ्या, मग प्लेटच्या वरच्या कडेवर. दोहोंचा फरक हाच प्लेटचा कोन. जमीन उतरती असली तरी बिघडत नाही, कारण दोन्ही वाचनांत तीच चूक येते आणि वजाबाकीत निघून जाते. मात्र शाळेच्या कोनमापकावर पाऊण अंश वाचणे कठीण. ३० सेंटीमीटर त्रिज्येचा मोठा कोनमापक पुठ्ठ्यावर आखलात तर ४९ मिनिटांना कडेवर चार मिलिमीटरहून जास्त जागा मिळते.

दुसरा उपाय आहे चाकाला खाली लोंबू न देण्याचा. आसाभोवती मजबूत कापडी पट्टा बांधून तो चौकटीला अडकवतात. चाक ठरावीक मर्यादेखाली उतरू शकत नाही, म्हणजे ते दुमडूही शकत नाही. पट्टा स्वस्त आहे आणि नीट बांधला तर दुष्टचक्राला बांध घालतो. फोक्सवॅगनने स्वतः अमेरिकेतील बीटलसाठी १९६९ च्या मॉडेलपासून झुलता आस सोडून प्रत्येक आसाला दोन सांधे असलेली रचना घेतली. तिच्यात चाक वरखाली होताना फारच थोडे कलते. काही लोक जुन्या बगीला ही रचना बसवतात. गाडी रोज रस्त्यावर पळवायची असेल तर तेच शहाणपणाचे. जुनी गाडी जुन्याच रूपात जपायची असेल तर मात्र पट्टा, योग्य कोन आणि वळणावर बेताचा वेग यांवर भागवले पाहिजे.

पुन्हा जोडताना

जोडणी ही खोलण्याची उलटी प्रक्रिया, असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती ऊर्जा पुन्हा दांड्यात भरावी लागते. प्लेट ठरलेल्या मोकळ्या कोनात दांड्यावर बसवायची, बुशावरचे झाकण दोन जास्त लांबीच्या बोल्टांनी हलके धरायचे, जॅकने प्लेट वर उचलून कडेच्या वर न्यायची, आणि मग झाकण आवळत प्लेट जागी ढकलायची. जॅक गाडीलाच उचलू लागला तर मागच्या भागावर वजन ठेवावे. चार अंगकाठीने मजबूत मित्र चालतील, पण त्यांना उभे करण्यापूर्वी स्टँड पुन्हा तपासा.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुना असेल तर हातात उभा धरून दांडा आत-बाहेर करून पाहावा. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते, म्हणून दोन्ही दिशांना संथ विरोध जाणवला पाहिजे. मध्येच हात मोकळा सरकला तर तेल गळून गेले आहे. हलक्या बगीत याचे महत्त्व जास्त आहे. स्प्रिंगवर पूर्वी १८५ किलोग्रॅमचा भार होता आणि आता १३५ आहे असे धरले, तर आंदोलनांची कंप्रता दर सेकंदाला १.७ वरून सुमारे २ वर जाते. अवमंदन नसेल तर चाक प्रत्येक उंचवट्यानंतर उडत राहील, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक, ना पकड.

आसाच्या टोकाचा ३६ मिलिमीटरचा नट सुमारे ३०० न्यूटन-मीटर परिबलाने आवळायचा असतो. एक मीटर लांब पाइप पान्याला जोडून त्याच्या टोकावर तीस किलोग्रॅमचे वजन टांगले तर हे परिबल मिळते. त्यानंतर कॉटर पिनेचे छिद्र जुळले नाही, तर नट आणखी पुढे आवळून जुळवायचे, मागे सोडून कधीच नाही. ढिला नट आसाचे दाते खाऊन टाकतो, आणि असे झाले की एंजिन चालते पण चाक फिरत नाही. ब्रेकचा ड्रमही त्याच दातांवर बसलेला असल्याने त्या चाकाचा ब्रेकही जातो.

गाडी स्टँडवरून खाली घेतल्यावर लगेच उंची मोजू नये. स्टँडवर असताना दोन्ही चाके पोटाखाली वळलेली असतात. जमिनीवर टेकल्यावर टायरच्या घर्षणामुळे ती तशीच अडकून राहतात आणि शेपूट खरे असते त्याहून उंच दिसते. गाडी दहा-बारा मीटर पुढे-मागे ढकलावी. चाके फिरू लागली की टायर हळूहळू बाजूला सरकतात, आस सपाटीवर येतात. मग सपाट फरशीवर, पेट्रोलची टाकी भरून, चालकाच्या जागी माणूस बसवून, दोन्ही बाजूंची उंची मोजावी. डाव्या-उजव्यात पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर एका बाजूची प्लेट आणखी एक पायरी फिरवावी लागते. त्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागते. फरक त्याहून कमी असेल तर तो ४४० पायऱ्यांच्या दोन पायऱ्यांमधला आहे, आणि तो काढता येत नाही.